साफ आवाज, फाटका आवाज

गेल्या रमजान ईदच्या दिवशी शीरखुर्म्याची वाटी खाली ठेवत भाचा म्हणाला, "मामू, यंदा रोख ईदी नको. पिकअप घेऊन द्या."

पनवेलमध्ये पिकअप म्हटलं की भाजी, विटा आणि मंडपाचे बांबू वाहणारी छोटी गाडी डोळ्यांपुढे येते. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेतले शिक्षक. आमच्या पगारात गाडीचं एक चाकही बसणार नाही, असं आम्ही म्हटल्यावर सगळं घर हसलं. भाचा हसला नाही. कोपऱ्यातली इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला आणि तारांखालच्या काळ्या पट्टीवर बोट ठेवून म्हणाला, "हा पिकअप. गिटारचा आवाज इथून निघतो. आणि हा बेकार आहे."

ही गिटार त्याने चार वर्षांची ईदी आणि दोन शिकवण्यांचे पैसे साठवून घेतली होती, तीही कुणाची तरी वापरलेली. कॉलेजातल्या चार मुलांच्या बँडमध्ये तो वाजवतो. शिवाय मोहल्ल्यातला एक दोस्त ग़ज़ल गातो, त्याच्या मागेही वाजवतो. ग़ज़लला आवाज आरशासारखा साफ हवा, सूर न् सूर वेगळा ऐकू आला पाहिजे. बँडमध्ये तोच आवाज फाटला पाहिजे, ज्याला ही मुलं डिस्टॉर्शन म्हणतात. गिटार एक, कामं दोन, आणि हा पिकअप दोन्हीकडे दगा देतो, अशी त्याची तक्रार.

खाटेवरून अब्बांनी विचारलं, "आवाज फाडायला पैसे मोजायचे?"

अब्बांच्या या प्रश्नामागे एक सबंध उमर आहे. ऐंशीच्या दशकात ते एका कव्वाली पार्टीत बेंजो वाजवायचे. बेंजो म्हणजे बुलबुलतरंग. लांबट लाकडी पेटी, वर पोलादी तारा, डाव्या हाताखाली टाइपरायटरसारख्या कळा, उजव्या हातात तार छेडायची नखी. अमेरिकेतल्या बँजोशी त्याचं नातं केवळ नावापुरतं. मूळ वाद्य जपानचं, ताइशोगोतो नावाचं. १९१२ साली नागोया शहरात गोरो मोरिता यांनी ते बनवलं. हिंदुस्थानात येऊन ते कव्वालाच्या हार्मोनियमशेजारी बसलं आणि मुंबई–कोकणात वरातीच्या गाडीवरही चढलं. २०१६ साली रवी जाधव यांचा 'बँजो' हा हिंदी चित्रपट आला तेव्हा पुष्कळांना या वाद्याची ओळख झाली. आमच्या घरात ते आमच्या जन्माआधीपासून होतं.

अब्बांच्या बेंजोलाही पिकअप होता. टपाल नाक्याकडच्या एका रेडिओवाल्याने तो जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरमधलं चुंबक आणि बारीक तार वापरून घरगुती बनवला होता. कॉइल शिटी मारू नये म्हणून त्याने ती मेणबत्तीच्या मेणात बुडवली होती. उर्सच्या रात्री हा बेंजो भोंग्यातून वाजायचा आणि पार्टीचा बुजुर्ग कव्वाल मधेच मान वळवून सांगायचा, "मास्टर, आवाज फट रही है, नीचे करो." आवाज फाटू द्यायचा नाही हीच त्या काळी वाजवणाऱ्याची इज्जत. वीस–पंचवीस वर्षं अब्बांनी ती सांभाळली, आणि आता नातू आवाज फाडण्यासाठी ईदी मागत होता.

२६ जुलै २००५ ला गाढी नदीचं पाणी आमच्या घरात शिरलं. आम्ही तेव्हा बारावीत होतो. कुराण शरीफ, रेशनकार्ड, आपाच्या लग्नाचे फोटो एवढं माळ्यावर चढवलं. पलंगाखालचा बेंजो कुणाला आठवला नाही. दोन दिवसांनी चिखलातून काढला तेव्हा लाकूड फुगलं होतं, तारा तांबूस झाल्या होत्या, कॉइल तुटली होती. अब्बांनी तो पुसून वाळवला, चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवला, आणि पुन्हा कधी काढला नाही. त्याच सुमारास ते जमातीबरोबर जाऊ लागले होते. वाजवणं पुरामुळे थांबलं की जमातीमुळे, हे आम्ही विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

घरात विरोध होता तो भाऊजींचा. त्यांना वाद्यच मंजूर नाही. आम्ही मोठ्या हौसेने इमाम ग़ज़ालींचं नाव काढलं, 'इह्या उलूमिद्दीन'मध्ये समाअवर स्वतंत्र भाग आहे असं सांगितलं. भाऊजी आमच्यापेक्षा जास्त वाचलेले निघाले. समाअला रुजूवात देतानाच ग़ज़ालींनी तारांच्या वाद्यांना बाजूला ठेवलं आहे, हे त्यांनी आम्हाला दाखवून दिलं. आम्ही गप्प बसलो. चिश्ती बुजुर्गांच्या मैफिलींचा मुद्दा आमच्याकडे होता, पण ईदच्या दिवशी बहस वाढवावी असं वाटलं नाही. शेवटी भाऊजी म्हणाले, "ईदी तुमची, तेव्हा गुनाहही तुमचा." आपाने तेवढ्यात अटी घालून टाकल्या. अजानच्या वेळी बंद, रात्री दहानंतर हेडफोन, आणि परीक्षेत नापास झाला तर गिटार विकायची. भाच्याने तिन्ही मान्य केल्या. आम्ही मात्र पेचात पडलो. गुनाह आमच्या खात्यावर चढणारच असेल, तर निदान वस्तू तरी नीट पारखून घ्यावी.

पिकअपचं शास्त्र आम्हाला परकं नव्हतं. बर्क़ी मक़नातीसी इमाला दरवर्षी दहावीच्या वर्गात शिकवतो. चुंबक आणि कॉइल एकमेकांजवळ हलली की तारेत वीज निर्माण होते, हे फॅरेडेने १८३१ साली दाखवलं. पिकअपमध्ये चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत विजेची तशीच थरथर उठते. तिला मोठं करायचं काम ॲम्प्लिफायरचं. इतकी वर्षं आम्ही हा धडा सायकलच्या डायनमोने शिकवला. घरात बेंजो असून तो उदाहरणाला घ्यावा हे सुचलं नाही, याची लाज वाटली. पहिली यशस्वी इलेक्ट्रिक गिटार १९३१ ची, बोशां आणि रिकनबॅकर यांची. तीसुद्धा मांडीवर आडवी ठेवून वाजवायची होती, बेंजोसारखी.

पिकअपच्या मुख्य जाती दोन. एक, एकेरी कॉइलचा, सिंगल कॉइल. १९५४ च्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरमुळे तो घराघरांत गेला. आवाज पातळ, चमकदार, काचेवर नाणं पडावं तसा. ग़ज़लला उत्तम. पण ही कॉइल तारांबरोबर घरातल्या विजेची गुणगुणही उचलते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे तीच घरघर, वर पंख्याच्या रेग्युलेटरची करकर. साफ वाजवताना ती सहन होते. डिस्टॉर्शन लावलं की गाण्यापेक्षा तीच मोठी होते.

दुसरी जात हंबकर. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर या इंजिनियरने १९५५ साली तो तयार केला. पेटंट मिळालं १९५९ ला. दोन कॉइल शेजारी शेजारी ठेवायच्या, दोघींची चुंबकं उलटी, जोडणीही उलटी. बाहेरची गुणगुण दोघींत शिरते पण जोडणी उलटी असल्याने एकमेकींना खोडून टाकते. तारेचा आवाज मात्र चुंबक आणि जोडणी दोन्ही उलटी असल्यामुळे सुलटा होऊन बेरजेत येतो. दोन वजा मिळून अधिक होतात, हे सातवीच्या गणितातलं. आम्ही कागदावर काढून दाखवलं तेव्हा भाचाही खूश झाला. मात्र दोन कॉइल एकामागे एक जोडल्या की आवाज जाड होतो, वरची चमक थोडी जाते.

म्हणजे साफसाठी एकेरी, फाटक्यासाठी दुहेरी. पण गिटारच्या घोडीजवळ जागा एकच होती.

भाच्याचं मन एका तगड्या पिकअपवर बसलं होतं. या तगड्या पिकअपचं घराणं १९७२ पासूनचं. त्या साली लॅरी डिमार्झिओने 'सुपर डिस्टॉर्शन' नावाचा पिकअप काढला. ॲम्प्लिफायरला आधीच इतकं भरायचं की तो लवकर ओसंडावा, असा त्यामागचा विचार. आम्हालाही तो पटत होता. फाटका आवाज हवा तर फाडणारा पिकअप घ्या, सरळ हिशेब.

एका रविवारी आम्ही दोघं हार्बर लोकलने सीएसएमटीला उतरलो आणि धोबी तलावाकडे चालत गेलो. जेर महल इमारतीतल्या फुर्तादोसच्या पाटीवर १८६५ पासूनचं नाव. आमच्या आज्याच्या आज्याच्या काळातली वाद्यांची पेढी. आजूबाजूच्या दोन–तीन दुकानांत फिरलो. पिकअप ही वस्तू आंब्यासारखी चाखून घेता येत नाही. ती डब्यात बंद असते आणि गिटारला डाग देऊन बसवल्याशिवाय बोलत नाही. एका दुकानातल्या पोराने मात्र रहम करून दोन तयार गिटारी आमच्यापुढे ठेवल्या, एकीत तगडा पिकअप, दुसरीत मध्यम ताकदीचा. भाचा वाजवू लागला आणि आम्ही मोबाइलवर दोन्हींचा आवाज भरून घेतला. आम्हाला साफ आवाजात फरक कळला, फाटक्यात कळला नाही. दोन्ही सारखेच भयंकर वाटले. काहीही न घेता परतलो. लोकलमध्ये भाचा वाशीपर्यंत बोलला नाही.

रात्री ते रेकॉर्डिंग अब्बांना ऐकवलं. कोणतं कुठलं ते सांगितलं नाही. इशाची नमाज पढून आले होते, टोपी अजून डोक्यावर. मोबाइल कानाशी धरून त्यांनी एकेक तुकडा तीन–तीनदा ऐकला. मग दुसऱ्या गिटारवर थांबले.

"यात चार तारा एकदम छेडल्यात," ते म्हणाले. "फाटल्यावरही चारी मोजता येतात. पहिलीत सगळ्यांचा खिचडा झालाय."

भाचा म्हणाला, "पण नाना, पहिला जास्त पॉवरचा आहे."

"पॉवर मशीनला आहे ना? मग पेटीला कशाला? फाडायचं असलं तरी आधी कापड चांगलं घे. फाटकं कापड फाडून काय मिळणार?"

आम्ही दोन बी.एड.च्या पुस्तकांतून शोधून जे समजावू शकलो नसतो ते अब्बांनी खाटेवर बसून सांगितलं. मग आम्ही त्याला शास्त्राची जोड दिली. ॲम्प्लिफायरला पेलवेल त्याहून जास्त दिलं की लहरींचे शेंडे सपाट कापले जातात, आणि त्या कापण्यातून मूळ आवाजात नसलेले नवे सूर जन्मतात. तेच डिस्टॉर्शन. ते पेडलमध्ये होतं, ॲम्प्लिफायरमध्ये होतं, म्हणजे पिकअपच्या नंतर. तिथे ताकद हवी तेवढी वाढवता येते. पण जाड पिकअपने जो बारकावा पुढे पाठवलाच नाही, तो नंतर कुठल्याच बटणाने परत येत नाही. केवळ फाटकंच वाजवायचं असेल तर तगडा पिकअप घ्यावा, त्यात मजाही आहे. दोन्ही करायचं असेल तर मध्यम.

अब्बांना आम्ही किस्साही सांगितला. १९६४ साली इंग्लंडमधल्या किंक्स या बँडच्या डेव्ह डेव्हिसने मनासारखा आवाज मिळेना म्हणून ब्लेड घेऊन स्पीकरचा कागदच चिरला होता. अब्बा म्हणाले, "स्पीकर बापाचा असेल." पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, "मग काय झालं त्या पोराचं?" गाणं गाजलं, असं सांगितलं. त्यांनी मान हलवली.

मग बोलता बोलता भूपिंदरसिंगांचा विषय निघाला. १९७१ च्या 'हरे रामा हरे कृष्णा'मधल्या 'दम मारो दम'ची गिटार त्यांची, हे अब्बांना ठाऊक होतं, आणि ग़ज़ल गाणारे भूपिंदर तेच, हेही. आम्हाला यातलं दुसरंच ठाऊक होतं. २०२२ साली ते वारले तेव्हा अब्बांनी आपणहून फातिहासारखी दुआ केली होती, ती आम्ही ग़ज़लच्या खात्यावर मांडली होती. आमच्या पिढीने उर्दू आणि फाटकी गिटार एकत्र ऐकली ती पाकिस्तानच्या जुनून बँडकडून, १९९७ च्या 'सयोनी'त. भाच्याला ते गाणं जुनं वाटतं.

शेवटी सीमोर डंकन कंपनीचा '५९' नावाचा हंबकर ठरला, १९५९ च्या गिब्सन पिकअपच्या वळणाचा, अल्निको चुंबकाचा. टपाल नाक्याकडच्या त्याच रेडिओवाल्याच्या मुलाने, जो आता टीव्ही दुरुस्त करतो, मीटर लावून पाहिलं. आठ किलोओहमच्या आसपास आकडा आला. भाच्याला आधी हवा होता त्या जातीत तो सोळाच्या घरात असतो. केवळ ओहमवरून आवाजाची ताकद ठरत नाही, तारेची जाडी आणि चुंबकही पाहावं लागतं, पण अंदाज येतो. किंमत चार आकडी होती, पाच आकड्यांच्या उंबरठ्यावरची. बायकोला आम्ही त्यातला निम्मा आकडा सांगितला आहे. हा अंक घरी येईल तेव्हा हे पान तिच्या हाती लागू नये.

घेताना एक गोष्ट पाहिली, ती सगळ्यात उपयोगी ठरली. पिकअपमधून चार तारा बाहेर येणारा नमुना घेतला, दोन तारांचा नाही. चार तारा असल्या की दोन्ही कॉइलची टोकं हाताशी येतात आणि जोडणी बदलता येते. पुष्कळ जण एक कॉइल बंद करायचं बटण लावून घेतात. आवाज एकेरीसारखा पातळ होतो, पण गुणगुणही परत येते. टीव्हीवाल्या पोराने वेगळं सुचवलं. टोनच्या बटणाखाली ओढायचा स्विच बसवला. तो खाली असताना दोन्ही कॉइल एकामागे एक, म्हणजे जाड आवाज. वर ओढला की त्याच दोन समांतर. आवाज हलका आणि चमकदार होतो, दोन्ही कॉइल चालू राहिल्याने गुणगुणही कापलेलीच राहते. मालिका जोडणी आणि समांतर जोडणी. हेही दहावीला शिकवतो.

बसवून आणली त्या संध्याकाळी निराशाच झाली. साफ आवाज छान होता, फाटका मात्र बसका वाटत होता, आणि जाड तारा बारीक तारांना गिळत होत्या. भाच्याचा चेहरा पडला. आम्ही मनात हप्ते मोजू लागलो. अब्बा उठले, शिवणयंत्राच्या खणातला छोटा पेचकस घेतला आणि गिटार मांडीवर आडवी ठेवली. आम्ही त्यांच्या मांडीवर वाद्य वीस वर्षांनी पाहत होतो. पिकअपच्या दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू असतो. तो फिरवला की पिकअप तारांपासून वर–खाली होतो. फार जवळ असला तर चुंबक तारेलाच ओढून धरतं, सूर लवकर विझतो आणि जरा बेसूरही होतो. हे आम्ही नंतर वाचलं. अब्बांनी काही वाचलं नव्हतं. जाड तारांची बाजू त्यांनी एक फेरा खाली नेली, बारीक तारांची अर्धा. "वाजव." मग आणखी अर्धा. "वाजव." पाचव्या खेपेला त्यांनी हात वर केला.

"आता फाड."

भाच्याने पेडल दाबलं. खोली भरून गेली. चार तारा चार ऐकू येत होत्या, एवढं आमच्याही कानांना कळलं. मग त्याने पेडल न सोडता गिटारचा आवाज बटणाने निम्म्यावर आणला, आणि तोच फाटका आवाज जवळपास साफ झाला. अब्बांनी ते बटण पुन्हा पुन्हा फिरवायला लावलं. दारात भाऊजी कधी येऊन उभे राहिले ते आम्हाला कळलं नाही. ते काही बोलले नाहीत. मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवलं. इशाला सात मिनिटं होती. भाच्याने ॲम्प्लिफायर बंद केला आणि अब्बा, भाऊजी दोघं बरोबरच मशिदीकडे निघाले.

चार दिवसांनी अब्बांनी आम्हाला माळ्यावर चढायला लावलं. चादरीची गुंडाळी खाली आली, तिला अजून चिखलाचा वास होता. टीव्हीवाल्या पोराने बेंजोच्या पिकअपला मीटर लावलं. आकडा आला नाही. तुटलेल्या कॉइलला येत नाही. उरण नाक्याकडे एक मोटर वाइंडिंगवाला आहे, त्याला दाखवली. तो पंख्यांच्या कॉइल भरतो. ही तार डोळ्यांशी धरून तो म्हणाला, "मास्तर, हा तर बाळाचा केस आहे. माझ्याकडे एवढी बारीक तार नाही."

अब्बांना तसं सांगितलं. ते बराच वेळ तसबीह फिरवत बसले. मग म्हणाले, "बंबईला लॅमिंग्टन रोडला मिळेल. जाशील तेव्हा विचार. घाई नाही."

भाच्याची परीक्षा संपली की जायचं ठरलं आहे.